मालमोटारीतला डोळा : साक्ष कोणाची, जबाबदारी कोणाची?

द्राक्षांचा हंगाम भरात आला, लासलगाव-पिंपळगावच्या आवारात कांद्याचे लिलाव सुरू झाले, की आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या रस्त्यांना रात्र म्हणून राहत नाही. दिवसभर माल भरायचा, संध्याकाळी ताडपत्री बांधायची आणि रात्रीच्या गारव्यात गाडी दामटायची, ही या धंद्याची रीतच आहे. ज्या गावातला एकही मुलगा स्टिअरिंगवर नाही असे गाव आज विरळाच. कुणाचा स्वतःचा पिकअप आहे, कुणी कर्ज काढून ट्रक घेतला आहे, कुणी दुसऱ्याच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर आहे. आणि ज्यांच्या घरी यातले काहीच नाही, त्यांचा माल तरी त्या गाडीत असतोच.

अशा गाड्यांत आता एक नवा पाहुणा येऊ लागला आहे. पुढच्या काचेजवळ बसवलेला मुठीएवढा कॅमेरा. त्याचे एक भिंग रस्त्याकडे असते आणि दुसरे थेट ड्रायव्हरच्या तोंडाकडे. मालक म्हणतो, गाडी माझी, कर्ज माझे, मग पहारा नको का? ड्रायव्हर म्हणतो, शेठ, मी काय चोर आहे की रात्रभर माझ्यावर नजर ठेवता? आणि विम्याचा विषय निघाला की दोघेही गोंधळतात. कॅमेऱ्यात डुलकी दिसली तर विमा कंपनी हात वर करील का? मेलेल्या माणसाच्या बायकापोरांना काहीच मिळणार नाही का? सगळे देणे मालकाच्या जमिनीवर येईल का?

हे प्रश्न घरात दुःख आल्यावर विचारण्यापेक्षा आधी समजून घेतलेले बरे. म्हणून आज त्यांचाच उलगडा करू.

हा डोळा पाहतो तरी काय?

ड्रायव्हरकडे तोंड केलेला हा कॅमेरा नुसती फिल्म काढणारा नसतो. त्याच्या पोटात एक छोटा संगणक असतो. ड्रायव्हरच्या पापण्या किती वेळ मिटलेल्या राहतात, जांभया किती येतात, मान खाली झुकते का, नजर रस्त्यावरून बाजूला किती वेळ जाते, कानाला फोन आहे का, हे तो सतत मोजत असतो. अंधारात दिसावे म्हणून त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा दिवा असतो, त्यामुळे ड्रायव्हरच्या डोळ्यांवर उजेड येत नाही आणि चेहरा मात्र टिपला जातो. डोळा लागतो आहे असे वाटले की यंत्र शिट्टी देते. त्या वेळची काही सेकंदांची चित्रफीत वेगळी जपली जाते, आणि सिमकार्ड असेल तर ती मालकाच्या किंवा यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या संगणकावर लगेच पोहोचते. बाकीचे चित्रण यंत्रातल्या कार्डावर साठते. कार्ड भरले की जुने पुसून त्यावर नवे चढते. ही पुसले जाण्याची गोष्ट नीट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

काही सेकंदांत असे काय होते, असे कुणी विचारील. हिशेब सोपा आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ३ सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. पन्नास मीटर भरलेला ट्रक माणसाविना धावला, असा त्या तीन सेकंदांच्या डुलकीचा अर्थ आहे. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंतचा वेळ तर शरीराने झोपेसाठीच राखलेला असतो. चहा, तंबाखू, खिडकीतला वारा यांनी तो थोडा टळतो, पण चुकत नाही.

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये मोठ्या नव्या गाड्यांत झोपेचा इशारा देणारी यंत्रणा असावी असा नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. आपल्या राज्यात नागपूर महापालिकेच्या बसगाड्यांत २०२१ साली सुरू झालेल्या एका प्रकल्पाखाली ड्रायव्हरला टकरीचा आगाऊ इशारा देणारी यंत्रे बसवली गेली. म्हणजे हे वारे वाहू लागले आहे. ते आपल्या दारात येईल तेव्हा आपण अडाणी राहू नये.

आपल्याच माणसांनी भोगलेले

२०२२ या एका वर्षात देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली, असे सरकारी अहवालात नोंदले आहे. त्याच वर्षी ८ ऑक्टोबरला पहाटे पाचच्या सुमारास, नाशिकमध्ये त्या वेळच्या औरंगाबाद रस्त्यावर नांदूर नाक्याजवळ यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस आणि एक मालट्रक यांची टक्कर झाली. बसने पेट घेतला आणि बारा जण दगावले. पुढच्या वर्षी, १५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणारी मिनीबस समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एका ट्रकवर मागून आदळली. तिथेही बारा जीव गेले. त्यात आपल्या जिल्ह्यातले लोक होते. तो ट्रक महामार्गावर थांबवला कसा, हा प्रश्न उठला आणि परिवहन खात्याच्या दोन अधिकाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला.

या दोन घटनांची आठवण उगाच काढलेली नाही. अपघात झाला की आपण चावडीवर बसून लगेच निवाडा देतो. मोठ्या गाडीवाल्याची चूक, किंवा मागून धडकला त्याची चूक. पण खरी हकिगत इतकी सरळ नसते. पुढची गाडी अंधारात का उभी होती? तिचे मागचे दिवे चालू होते का? मागच्याने ब्रेक दाबला होता का? तो जागा होता का? गाड्यांचा चुराडा झाल्यावर, किंवा स्टिअरिंगवरचा माणूसच गेल्यावर, हे सांगणार कोण? अशा वेळी कॅमेरा हा साक्षीदार ठरतो. तो न्यायाधीश मात्र नव्हे. साक्ष ऐकून निवाडा करायचा तो मोटार अपघात न्यायाधिकरणाने.

डुलकी लागली म्हणून विमा बुडतो का?

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा असून तो १ जुलै १९८९ पासून लागू आहे. या कायद्याप्रमाणे थर्ड पार्टी विमा उतरवल्याशिवाय कोणतीही गाडी रस्त्यावर आणता येत नाही. यातली पहिली पार्टी म्हणजे गाडीचा मालक, दुसरी विमा कंपनी, आणि तिसरी म्हणजे त्या गाडीमुळे ज्याचे नुकसान झाले तो माणूस. पायी चालणारा, सायकलवाला, मोटारसायकलवाला, समोरच्या गाडीतला प्रवासी, हे सगळे तिसऱ्यात येतात.

आता मुख्य मुद्दा. हा विमा ड्रायव्हरच्या चुकीसाठीच उतरवलेला असतो. ड्रायव्हरची चूक झाली, त्याला डुलकी लागली, त्याचे लक्ष फोनकडे गेले, म्हणूनच तर भरपाई द्यावी लागते. तेव्हा कॅमेऱ्यात ड्रायव्हर पेंगताना दिसला एवढ्यावरून विमा कंपनी तिसऱ्या माणसाची भरपाई नाकारू शकत नाही. उलट त्या चित्रफितीने बळी पडलेल्या कुटुंबाचे म्हणणे बळकट होते. चित्रण दिसले तर विमा जाईल या भीतीने कित्येक मालक कार्ड काढून फेकून देतील. ते करू नका. त्याने विमा वाचत नाही. आणि हातातला पुरावा जो दडवतो त्याच्याविरुद्ध अनुमान काढण्याची मुभा कोर्टाला असते.

मग विमा अडतो कशाने? तो अडतो कागदांनी आणि केबिनमधल्या जादा माणसांनी.

ड्रायव्हरकडे त्या गाडीचा परवाना नसेल, गाडीला परमिट नसेल, फिटनेसची मुदत संपलेली असेल, तर कंपनी भांडायला उभी राहते. सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग खटल्यात ५ जानेवारी २००४ रोजी सांगितले, की परवाना खोटा किंवा अपुरा निघाला एवढ्याने तिसऱ्या माणसाला रिकाम्या हाताने परत पाठवता येणार नाही. मालकाने जाणूनबुजून हयगय केली हे कंपनीला सिद्ध करावे लागेल. पण ते सिद्ध झाले, तर कंपनीने आधी भरपाई द्यायची आणि नंतर मालकाकडून वसूल करायची, असा हुकूम होऊ शकतो. म्हणजे बळी पडलेले कुटुंब वाचते, पण मालकाचे घर बुडते. ड्रायव्हर ठेवताना परवाना हातात घेऊन पाहणे आणि त्याची नक्कल घरी ठेवणे एवढ्या कष्टाने हे संकट टळते.

पिकअप आणि छोटा हत्ती चालवणाऱ्यांसाठी एक दिलासा आहे. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ठरवले, की हलक्या मोटारीचा परवाना असलेला माणूस माल भरल्यासह एकूण ७,५०० किलोपर्यंतच्या वजनाची मालवाहू गाडी चालवू शकतो. त्यासाठी वेगळ्या शेऱ्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट माणसांची. बाजाराला निघालेल्या गाडीत वाटेतले चार लोक बसवायचे, लग्नाचे वऱ्हाड ट्रकमध्ये घालायचे, मजुरांना कांद्याच्या गोण्यांवर बसवायचे, हे आपल्याकडे सर्रास चालते. १९९४ च्या दुरुस्तीनंतर मालाचा मालक किंवा त्याने पाठवलेला माणूस यांना मालगाडीत विम्याचे संरक्षण मिळाले. पण फुकट बसवलेल्या किंवा पैसे घेऊन बसवलेल्या प्रवाशाचा भार मालगाडीच्या विमा कंपनीवर नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये आशाराणी खटल्यात सांगितले. मालाचा मालकसुद्धा केबिनमध्ये बसलेला असावा, मालावर नव्हे, असेही पुढच्या एका निकालात आले आहे. ड्रायव्हरकडे बघणाऱ्या कॅमेऱ्याला केबिनमध्ये किती डोकी आहेत हेही दिसते. तेव्हा "कोण विचारतो" ही सवय आता सोडलेली बरी. आपला माल घेऊन जाताना बाजारपावती किंवा बिल्टी खिशात असू द्या. गाडीत तुम्ही मालाचे मालक म्हणून बसला होता याचा तोच पुरावा.

स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ही निराळी बाब आहे. तो ऐच्छिक असतो आणि त्याच्या अटी पॉलिसीत छापलेल्या असतात. ड्रायव्हर दारू प्यालेला निघाला तर तिथे कंपनी पैसे नाकारते. आणि कॅमेरा लावला म्हणून थर्ड पार्टीचा हप्ता कमी होत नाही, कारण तो दर सरकार ठरवते. गाडीच्या नुकसानीच्या विम्यात काही सवलत मिळेल असे एजंट म्हणाला, तर ते कंपनीकडून लेखी घ्या.

चित्रफितीची किंमत रुपयांत

कॅमेऱ्याच्या साक्षीने काय फरक पडतो हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, ३४ वर्षांचा एक शेतकरी मोटारसायकलवरून जाताना ट्रकची धडक बसून गेला. त्याची कमाई महिना १५,००० रुपये धरली. मागे बायको, दोन मुले आणि म्हातारी आई.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली घालून दिलेल्या रीतीप्रमाणे हिशेब असा होतो. वर्षाची कमाई १,८०,००० रुपये. चाळिशीच्या आतला माणूस, पुढे कमाई वाढली असती म्हणून त्यात ४० टक्के मिळवायचे. झाले २,५२,०००. घरात चार जण अवलंबून, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा. उरले १,८९,०००. त्या वयाला गुणक १६. एकूण ३०,२४,००० रुपये. अंत्यविधी वगैरेंच्या ठराविक रकमा याशिवाय.

आता ट्रकच्या बाजूचा वकील म्हणाला, मोटारसायकलवालाही चुकीच्या बाजूने आला होता. न्यायाधिकरणाला ते पटले आणि त्याच्या माथी २५ टक्के चूक धरली, तर ७,५६,००० रुपये कापले जातात. त्या घरातल्या दोन मुलांचे शिक्षण त्या पैशांत झाले असते. ट्रकमधल्या चित्रणात ड्रायव्हर फोनकडे बघत असल्याचे आणि मोटारसायकल आपल्या बाजूने येत असल्याचे दिसले, तर ही कपात टळते.

साक्ष दुसऱ्या बाजूनेही फिरते. ड्रायव्हर जागा होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, त्याने ब्रेक मारला आणि तरीही समोरून कुणी वेडेवाकडे आले, असे दिसले तर निरपराध ड्रायव्हरचा तुरुंग आणि मालकाची बदनामी टळते. म्हणून एक सल्ला लक्षात ठेवा. कॅमेरा घ्यायचाच तर दोन्ही बाजूंचा घ्या. ज्यात फक्त ड्रायव्हरचा चेहरा दिसतो तो एकडोळ्या साक्षीदार होय. ड्रायव्हर दचकलेला त्यात दिसतो, पण गाडीसमोर आडवी आलेली म्हैस दिसत नाही.

दोन गाड्यांच्या टकरीत गाडीतल्या प्रवाशाचा मात्र काही दोष नसतो. अशा प्रवाशाला किंवा त्याच्या वारसांना दोन्ही गाड्यांपैकी कोणाकडूनही पूर्ण भरपाई मागता येते, आपसातली वाटणी त्या दोघांनी नंतर करावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केले आहे. वारसांनी चूक कोणाची या वादात खचून जाऊ नये.

हा डोळा मालकालाही पाहतो

गाडीमालक बंधूंनी येथे थोडे थांबावे. कॅमेरा ड्रायव्हरकडे तोंड करून बसलेला असला, तरी त्याची नोंद मालकाकडे येते. आठवडाभर रोज रात्री यंत्र कळवते आहे की हा माणूस पेंगतो आहे, आणि तरीही मालक म्हणतो, "अरे, एक खेप मार, मग झोप." उद्या अपघात झाला तर त्याच नोंदी न्यायाधिकरणापुढे येतील. आपल्याला माहीत नव्हते, असे म्हणायला मग जागा राहणार नाही.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली कायदा झाला. त्याने दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग ५ तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती असे प्रमाण घालून दिले. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता आल्या, त्यांतही दिवसाचे ८ तास कायम आहेत. प्रत्यक्षात काय चालते ते आपण जाणतो. यार्डात गाडी खाली व्हायला सहा तास ताटकळायचे, ते कामात धरायचे नाहीत, आणि मग रात्रभर गाडी हाकायची. ती झोप कॅमेऱ्याने भरून निघत नाही. शिट्टीने माणूस दचकून जागा होतो, पण दहा मिनिटांनी पुन्हा पेंगतो. लांबच्या खेपेला दुसरा ड्रायव्हर, पहाटे दोनपासून पाचपर्यंत गाडी बाजूला लावण्याची मोकळीक, आणि उशीर झाला म्हणून पगार न कापणे, ही खरी औषधे आहेत. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मोठ्या ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, तीही थकवा कमी व्हावा म्हणूनच. मालकाने गाडीचे ऑइल वेळेवर बदलावे, तशी ड्रायव्हरची झोपही पाहावी.

आणि शेतकऱ्यांनो, आपलाही यात थोडा वाटा आहे. "पहाटेच्या लिलावाला माल लागलाच पाहिजे" असे आपण बजावतो, तेव्हा वाटेतले तास मोजून बजावावे.

ड्रायव्हरचे म्हणणेही ऐका

जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला मनमाडजवळच्या पानेवाडीला टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पंपांवर रांगा लागल्या, ते आपल्याला आठवत असेल. नव्या फौजदारी कायद्यात अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेचे कलम होते, त्याविरुद्ध देशभरचे चालक उठले होते. पुढे १ जुलै २०२४ ला तो कायदा लागू झाला, तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. चालकांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते. थांबलो तर जमाव मारतो आणि पळालो तर कायदा धरतो, अशी त्यांची कोंडी आहे. जखमीला मदत करणे ड्रायव्हरचे कर्तव्यच आहे, मात्र जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर मोटार वाहन कायदाही ते समजून घेतो. जमाव धावून आला आणि काचा फोडू लागला, हे दाखवणारा साक्षीदार तोच कॅमेरा असू शकतो.

पण केबिन ही ड्रायव्हरची नुसती कामाची जागा नाही. तिथेच तो जेवतो, कपडे बदलतो, झोपतो, घरी बोलतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी माणसाचा खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले. २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. परदेशातही हा वाद आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात चेहऱ्याची आणि बोटांच्या ठशांची माहिती माणसाला विचारल्याशिवाय घेऊ नये असा कायदा २००८ पासून आहे, आणि त्याच्या आधारे तिथल्या ट्रकचालकांनी कोर्टात दावे केले आहेत.

म्हणून मालक आणि ड्रायव्हर यांनी चार गोष्टी कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्या. गाडी चालू असतानाच चित्रण होईल, इंजिन बंद झाले की ड्रायव्हरकडचे भिंग बंद. चित्रण कोण पाहील आणि किती दिवस ठेवील. अपघात आणि धोक्याखेरीज ते कुणाला दाखवले जाणार नाही, मोबाइलवर चेष्टेसाठी पाठवले जाणार नाही. आणि नोंद विरोधात गेली तर ड्रायव्हरलाही ती पूर्ण पाहायला मिळेल. एवढे केले तर कॅमेरा दोघांचाही राखणदार होतो.

ड्रायव्हरच्या घरच्या मंडळींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. पगारी ड्रायव्हर किंवा क्लीनर कामावर असताना अपघातात गेला, तर कामगार नुकसानभरपाईचा हक्क निराळा आहे आणि तिथे चूक कोणाची हे बघत नाहीत. "तुझ्या नवऱ्यालाच डुलकी लागली, आता काय मिळणार?" असे कुणी म्हणाले, तर त्यावर विश्वास ठेवून घरी बसू नका. आणि जो स्वतःची गाडी स्वतः चालवतो, त्याने १५ लाख रुपयांचा मालक-चालक अपघात विमा आहे की नाही हे पॉलिसीत पाहून घ्यावे.

पुरावा कसा जपाल?

कार्डावरचे जुने चित्रण पुसले जाते, हे वर सांगितले. कार्डाच्या मापाप्रमाणे काही तासांत किंवा काही दिवसांत ते नाहीसे होते. आपण दिवसकार्य आटोपेपर्यंत थांबलो तर साक्षीदार मुका झालेला असतो. म्हणून घरातल्या एका शहाण्या माणसाने दुःख बाजूला ठेवून ही कामे करावी.

पहिले, पोलिसांना लेखी अर्ज द्यावा, की दोन्ही गाड्यांत कॅमेरा असल्यास यंत्र व कार्ड पंचनामा करून ताब्यात घ्यावे. वाटेतला टोलनाका, पेट्रोल पंप, ढाबा यांच्या कॅमेऱ्यांचाही उल्लेख करावा. अर्जाच्या नकलेवर पोहोच घ्यावी.

दुसरे, गाडीमालकाला आणि त्याच्या विमा कंपनीला रजिस्टर टपालाने कळवावे, की त्या दिवसाचे चित्रण पुसू नये. पावती जपून ठेवावी.

तिसरे, पोलिसांच्या अहवालावर लक्ष ठेवावे. १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. त्यात चित्रणाची नोंद आहे का, हे विचारा.

चौथे, चित्रफितीला प्रमाणपत्र हवे. जालना मतदारसंघाच्या २०१४ सालच्या निवडणुकीचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. उमेदवारी अर्ज वेळेत आला की नाही हे कचेरीतल्या चित्रणावरून पाहायचे होते. त्या खटल्यात १४ जुलै २०२० रोजी न्यायालयाने सांगितले, की मूळ यंत्र हजर केले नाही तर नकलेसोबत कायद्याचे प्रमाणपत्र लागतेच, आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो ते देत नसेल तर कोर्टाकडून हुकूम मागता येतो. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या साक्ष कायद्यातही प्रमाणपत्राची अट आहे, आणि त्यावर यंत्र सांभाळणाऱ्याबरोबर तज्ज्ञाचीही सही लागते. न्यायाधिकरण पुराव्याच्या बाबतीत दिवाणी कोर्टाइतके काटेकोर नसते, तरी पुढे अपिलाची वेळ आली तर हा कागद उपयोगी पडतो. मोबाइलवर फिरत आलेली, कापलेली चित्रफीत ही साक्ष नव्हे.

पाचवे, मुदत. अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करावा अशी तरतूद १ एप्रिल २०२२ पासून आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, पण त्या भरवशावर बसून राहू नका. अपघात परमुलखात झाला तरी आपण राहतो त्या हद्दीतल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. त्यासाठी नागपूरला किंवा इंदूरला हेलपाटे घालण्याचे कारण नाही.

घरातल्या माउलींना शेवटची विनंती. परवाना, गाडीचे पुस्तक, विम्याची पॉलिसी, परमिट, फिटनेस यांच्या नकला एका पिशवीत घालून घरात ठेवा आणि प्रत्येकाची मुदत कॅलेंडरवर लिहा. गाडीबरोबर मूळ कागद जळाले तरी घरच्या नकला बोलतात. आणि गडी रात्रीच्या खेपेला निघताना डब्याबरोबर एवढे विचारा, "दुपारी झोप झाली ना?" झाली नसेल तर खेप दोन तास उशिरा निघू द्या.